रात्री दहाची तोफ आणि पुण्याचे बोळ

विल्यम हेन्री टोन हा आयरिश गृहस्थ अठराव्या शतकाच्या अखेरीस पेशव्यांच्या लष्करी चाकरीत होता. आयर्लंडमधील प्रसिद्ध क्रांतिकारक वुल्फ टोन याचा हा धाकटा भाऊ. मराठ्यांच्या रीतिरिवाजांविषयी त्याने जे लिहून ठेवले, त्यात पुण्याच्या रात्रीची एक हकीकत आहे. रात्री दहाच्या सुमारास तोफ होई. त्यानंतर जो कोणी रस्त्यावर सापडेल त्याला गस्तीचे लोक धरीत आणि सकाळपर्यंत अटकेत ठेवीत. हा नियम इतका कडक होता की, अवेळी बाहेर पडल्याबद्दल खुद्द पेशव्यालाही एक रात्र अटकेत काढावी लागली होती, असे टोन म्हणतो.

पेशव्याची ही गोष्ट ऐकीव असावी, असे मला वाटते. परंतु अशी गोष्ट शहरात सांगितली जात होती आणि एका परदेशी माणसाच्या कानापर्यंत पोहोचली होती, एवढ्यावरूनही त्या बंदोबस्ताचा दरारा कळतो.

शाश्वत नगररचनेवर बोलणारी मंडळी अलीकडे जुन्या पेठांची चित्रे मोठ्या कौतुकाने दाखवितात. अरुंद रस्ते, पायी जाता येईल एवढी अंतरे, दारापुढे ओटा, चार पावलांवर पाण्याचा हौद. अमेरिकेत जेन जेकब्स यांनी १९६१ साली आपल्या ग्रंथात मांडले की, रस्ता सुरक्षित राखण्याचे काम आधी तेथे राहणाऱ्यांची नजर करते, पोलीस नंतर. ते वाचले की पुण्याच्या ओट्यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. मात्र ओट्यावर बसलेला माणूस कोणाकडे कोणत्या नजरेने पाहत होता, हे त्या चित्रांत दिसत नाही. त्यासाठी कागदपत्रांकडेच वळावे लागते.

प्रथम शहराची घडण पाहू. पेशव्यांच्या पुण्याला सलग दगडी तटबंदी कधीच नव्हती. राजधानीच्या शहराला कोट नसावा ही तशी नवलाची गोष्ट, आणि तिची किंमतही पुण्याने मोजली. १७६३ साली निजामअलीच्या फौजेने शहर लुटले आणि जाळले. बाहेरच्या फौजेपुढे हे शहर उघडे होते. रोजच्या चोरापुढे मात्र ते तसे नव्हते, आणि ह्याचे उत्तर त्याच्या पेठांत आहे.

जुने कसबे मध्ये धरून अठराव्या शतकात एकेक पेठ वसत गेली. शुक्रवार पेठ वसविण्यात जिवाजीपंत खासगीवाल्यांचा पुढाकार होता, सदाशिव पेठेला पानिपतावर पडलेल्या भाऊसाहेबांचे नाव मिळाले, नारायण पेठेला नारायणरावांचे. पेठ वसविणारा माणूस सरकारातून सनद घेई, उदमी आणि कारागीर आणून बसवी, आणि आरंभीची काही वर्षे वसाहतकऱ्यांना करांत सवलत मिळे. त्यामुळे पेठ हा नकाशावरील नुसता तुकडा राहत नसे. तेथे कोण राहतो, कोणत्या धंद्याचा आहे, कोणी आणून बसविला, हे सारे ठाऊक असे. पेठेच्या आत आळ्या होत्या. कसब्यातील तांबट आळीत दिवसभर हातोड्यांचा ठोका चाले, रविवारातील बोहरी आळीत व्यापार चाले. एका धंद्याची, बहुधा एका जातीची माणसे एकमेकांना लागून राहत. अनोळखी मनुष्य आळीत शिरला तर त्याला कोणी काही विचारण्याआधीच तो अनोळखी आहे हे साऱ्यांना कळलेले असे.

घरांची रचनाही याला साजेशी होती. वाड्याची रस्त्याकडची भिंत जाड, खालच्या बाजूस खिडक्या जवळजवळ नाहीत. मोठा दरवाजा, त्यात वाकून जाण्यासारखी लहान दिंडी, आत देवडी, तेथे पहारेकरी, आणि त्यापुढे चौक. रात्री दरवाजा लागला की वाडा म्हणजे लहानशी गढीच. दिवसा मात्र त्याच दरवाजापुढच्या ओट्यावर माणसे बसलेली असत. पाण्यासाठी नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजहून नळ बांधून आणला होता आणि त्याचे पाणी ठिकठिकाणच्या हौदांत पडे. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावे अजून पुणेकरांच्या तोंडी आहेत. हौदावर सकाळ-संध्याकाळ माणसे जमत, म्हणजे त्या जागेवर सतत कोणाची तरी नजर असे.

या साऱ्यावर कोतवाल. आज कोतवाल म्हटले की आपण पोलीस अधिकारी समजतो, पण त्याचे काम त्याहून कितीतरी विस्तृत होते. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत पुण्याच्या कोतवालाकडे जी कामे होती ती पाहा: पेठांतील महत्त्वाचे तंटे तोडणे, बाजारभाव ठरविणे, सरकारी कामाला मजूर पुरविणे, घरे-जागांच्या खरेदी-विक्रीवर देखरेख, खानेसुमारी, शहरात येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद, आणि रस्ते, गल्ल्या व घरे यांविषयीच्या तक्रारींचा निवाडा. रस्ता कोणी अडविला, भिंत कोणी पुढे घेतली, हे ठरविणारा आणि रात्री त्याच रस्त्यावर गस्त घालविणारा अधिकारी एकच होता. आपल्याकडे आज ही कामे महापालिका, पोलीस आणि निबंधक कार्यालय यांत वाटली गेली आहेत, आणि तिघांचे एकमेकांशी फारसे बोलणे नसते.

या व्यवस्थेचा परिणाम दिसत होता. पेशवाई बुडाल्यावर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ साली जिंकलेल्या मुलखाविषयी अहवाल तयार केला. पेशव्यांचे गुणगान करण्याचे त्याला काही कारण नव्हते. तरीही पुण्याच्या कोतवालीबद्दल तो चांगले लिहितो. बंदोबस्तावर दरमहा सुमारे ९,००० रुपये खर्च होत. शिपाई, घोडेस्वार गस्त आणि रामोशी असा त्याचा सरंजाम होता. खून, दरोडे क्वचित घडत आणि मालमत्ता सुरक्षित नसल्याची तक्रार आपल्या कानी आली नाही, असा त्याचा अभिप्राय आहे. रामोशांचा उल्लेख लक्षात ठेवण्याजोगा आहे. गावगाड्यात चोरी झाली तर गावच्या राखणदाराने चोराचा माग काढायचा. माग शेजारच्या गावच्या शिवेपर्यंत नेऊन पोहोचविला की पुढची जबाबदारी त्या गावाची. शहरातील पेठा आणि गावांच्या शिवा यांत या दृष्टीने मोठे अंतर नव्हते. ज्याची हद्द त्याची जबाबदारी, आणि हद्द म्हणजे जिथवर माणसे एकमेकांना ओळखतात तिथवर.

ज्याला ओळखणारा कोणी नाही, त्याचे या शहरात काय होई, याचे उत्तर १७९१ सालच्या ऑगस्टअखेरीने दिले.

घाशीराम सावळादास हा कनोजचा ब्राह्मण १७७७ साली पुण्याचा कोतवाल झाला. त्याची गोष्ट आज आपल्याला मुख्यतः विजय तेंडुलकरांच्या १९७२ सालच्या नाटकामुळे ठाऊक आहे. नाटक म्हणून ते थोर आहेच, पण ते इतिहासाचा दाखला म्हणून वाचू नये. घडलेल्या प्रसंगाविषयी त्या वेळी पुण्यात असलेला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याने लिहून ठेवले आहे, आणि मराठी साधनांतही त्याचा वृत्तांत आहे. श्रावणातील दक्षिणेसाठी देशोदेशीचे ब्राह्मण पुण्यात येत. त्यांपैकी तेलंगणाकडील तिसाहून अधिक ब्राह्मणांना घाशीरामाच्या माणसांनी चोरीच्या आरोपावरून धरले आणि एका कोंदट, भुयारवजा कोठडीत कोंडले. दार उघडले तेव्हा वीसहून अधिक माणसे गुदमरून मेलेली होती.

हे ब्राह्मण होते, आणि ब्राह्मणांच्या राज्यात होते. तरीही त्यांना ती कोठडी चुकली नाही. पुण्यातल्या एखाद्या वाड्यातील गृहस्थाला पकडले असते तर घटकाभरात त्याच्यासाठी कोणीतरी चावडीवर येऊन उभे राहिले असते. ह्यांच्यासाठी रात्री येणारे कोणी नव्हते. येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद ठेवणारी, अनोळख्याला टिपणारी व्यवस्था जशी घडविली होती तशीच चालली. घाशीरामाच्या क्रौर्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्या क्रौर्यापेक्षा ह्या सोपेपणाची भीती अधिक वाटते.

पुढचा भाग सर्वांना माहीत आहे. संतप्त तेलंग ब्राह्मणांचा जमाव सरकारवाड्यापुढे जमला, नाना फडणिसांना त्यांच्यापुढे नमते घ्यावे लागले, आणि ३१ ऑगस्ट १७९१ रोजी कोतवालाची धिंड काढून त्याला दगडांनी ठेचून मारण्यात आले. रात्री दहानंतर ज्या रस्त्यांवर त्याच्या हुकमाशिवाय पाऊल पडत नसे, तेच रस्ते त्या दिवशी जमावाने भरून गेले होते.

सात वर्षांनी दुसरा धडा मिळाला. १७९८ मध्ये दौलतराव शिंद्यांचा सासरा सर्जेराव घाटगे याने पैशासाठी पुण्यातील सधन माणसांना पकडून त्यांचे अनन्वित हाल केले. दिंडी, देवडी, गस्त, तोफ, काही उपयोगी पडले नाही. चोराला रोखण्यासाठी केलेली रचना सत्ताधाऱ्याला रोखू शकत नाही. किंबहुना कोण कोठे राहतो आणि कोणाकडे किती द्रव्य आहे, हे सर्वांना ठाऊक असलेले शहर लुटण्यास अधिक सोयीचे पडते.

आतापर्यंत आपण वाड्यातून रस्त्याकडे पाहिले. आता दुसऱ्या टोकाकडून पाहू. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी जातिसंस्थेवरील आपल्या ग्रंथात नोंदविले आहे की, पेशवाईत महार-मांगांना दुपारी तीननंतर आणि सकाळी नऊपूर्वी पुण्याच्या वेशीच्या आत येण्यास मनाई होती, कारण त्या वेळी सावल्या लांब पडतात. शहराला तट नव्हता हे वर सांगितलेच आहे. अशी बंदी पाळली जायची असेल तर ती दगडी दरवाजावर नव्हे, माणसांच्या नजरेनेच पाळली जाणार. ओट्यावर बसलेला, हौदावर उभा असलेला, आळीच्या तोंडाशी असलेला प्रत्येक जण तिचा पहारेकरी.

याविषयी त्या बाजूचा आवाजही आपल्याकडे आहे. १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीचा, मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. फुले यांच्या शाळेत ती शिकत होती. बाजीरावाच्या राज्यात मांग किंवा महार तालीमखान्यापुढून गेला तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या शिराचा चेंडू करून तलवारीने खेळत, असे ती लिहिते. नगररचनेच्या भाषेत तालीमखाना म्हणजे वर्दळीची, तरुण माणसांनी गजबजलेली, म्हणूनच सुरक्षित मानली जाणारी जागा. मुक्ताच्या घरी सांगितल्या गेलेल्या आठवणींत शहरातील सर्वांत धोक्याची जागा तीच होती. एल्फिन्स्टनच्या कानी तक्रार आली नाही हे खरे असेल. तक्रार कोण करू शकत होते, हाही प्रश्न आहेच.

१८४८ साली बुधवार पेठेत भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाई शाळेकडे जात तेव्हा त्यांच्यावर चिखल आणि शेण फेकले जाई, म्हणून त्या जास्तीचे लुगडे बरोबर नेत. हा प्रसंग आपण शाळेत वाचलेला असतो, पण तो कोठे घडत होता याचा विचार आपण सहसा करीत नाही. रस्ता ओस नव्हता, काळोख नव्हता, तोफेनंतरची वेळ नव्हती. भरदिवसा, लोकांच्या देखत, ओळखीच्या माणसांनी गजबजलेल्या पेठेत हे चालले होते. आणि फेकणाऱ्यांना त्या कोण आहेत हे पक्के ठाऊक होते, म्हणूनच ते फेकीत होते. पुढे १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घराचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. कात्रजच्या पाण्याचे हौद होऊन तोवर शतक उलटून गेले होते.

तेच बोळ आणि तेच वाडे १८९७ साली इंग्रजांच्या डोळ्यांना अगदी वेगळे दिसले. प्लेग मुंबईत १८९६च्या सप्टेंबरात उघड झाला. मांडवी भागात तो प्रथम ओळखला तो मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. काही महिन्यांत पुणे सापडले. फेब्रुवारीत वॉल्टर चार्ल्स रँड याची नेमणूक झाली आणि मार्च ते मे या काळात आठशेहून अधिक सैनिकांनी पेठा धुंडाळल्या. जाड भिंती, खिडक्या नसलेल्या खोल्या, एकातून दुसरा निघणारा चौक: पिढ्यान्‌पिढ्या ज्याला आसरा मानले तेच आता रोगाचे बिळ ठरले. सैनिक येत, गल्ली अडवीत, घरात शिरत, देवघर आणि माजघर न पाहता सामान बाहेर काढीत. लोक आजाऱ्याला लपवीत, आणि लपविण्यासाठी वाडा फारच सोयीचा होता. रँडने पुण्यात काय केले याचा विचार करताना हा संघर्ष लक्षात घ्यावा लागतो. परक्याला आत काय आहे ते कळू नये, यासाठीच बांधलेल्या शहरात सरकार दारोदार शिरून पाहू लागले होते.

रोगाचे कारण कोंदट हवा आहे, ही समजूत तेव्हा प्रबळ होती. उंदरावरील पिसवेमार्फत प्लेग पसरतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखविले ते १८९८ साली, आणि त्यावर सर्वांचा विश्वास बसण्यास आणखी काही वर्षे गेली. तोपर्यंत रुंद, सरळ, हवेशीर रस्ता म्हणजे सुरक्षितता हे समीकरण पक्के झाले होते. मुंबईत त्यासाठी १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दाट वस्त्या तोडून सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट यांसारखे रस्ते काढले. घरे गेलेली गरीब माणसे शेजारच्या चाळींत दाटीने शिरली, कारण आरंभीच्या वर्षांत ट्रस्टने पाडली त्या मानाने बांधली थोडी. पुण्यात लक्ष्मी रस्ता, बाजीराव रस्ता पेठांतून आरपार गेले ते पुढे, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात.

आणि तरीही रँडवर हल्ला झाला तो बोळात नव्हे. २२ जून १८९७ च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून तो गणेशखिंड रस्त्याने परतत होता. शहराबाहेरचा, गाड्यांसाठी केलेला, मोकळा रस्ता. दोन्ही बाजूंस वाडे नाहीत, ओटे नाहीत, ओट्यांवरची माणसे नाहीत. चापेकर बंधूंना अंधारात दबा धरून थांबता आले आणि काम करून निसटताही आले. आयर्स्ट जागीच ठार झाला, रँड ३ जुलैला मरण पावला. ज्या शहरात शिरताना इंग्रज अधिकारी सैनिकांचे कडे घेऊन जात, तेथून जिवंत बाहेर पडून ते आपल्याच मोकळ्या रस्त्यावर मारले गेले.

दामोदर चापेकर सापडला तो मात्र ओळखीतून. द्रविड बंधूंनी माहिती दिली. पुण्याच्या बोळांत कोण कोणाबरोबर फिरतो, कोण कोणत्या तालमीत जातो हे लपत नव्हते, आणि ते ज्ञान इंग्रजांना एवढ्या सैन्यानिशी मिळाले नव्हते ते इनामाच्या घोषणेने मिळाले. ८ फेब्रुवारी १८९९ रोजी वासुदेव चापेकर आणि महादेव रानडे यांनी द्रविड बंधूंना रात्री घराबाहेर बोलावून गोळ्या घातल्या. ओळखीच्या गल्लीत, ओळखीच्या दारातून हाक मारून.

आज पेठांतील बहुतेक वाडे गेले. त्यांच्या जागी ज्या इमारती आल्या, त्यांच्या तळमजल्यावर वाहने उभी असतात. रस्त्याच्या पातळीवर बसणारे कोणी उरले नाही. जाड भिंतीचे काम आता कुंपण करते, देवडीवरील पहारेकऱ्याच्या जागी खुर्चीवर बसलेला सुरक्षारक्षक आहे आणि ओट्याच्या जागी कॅमेरा. शहराच्या कडेच्या नव्या वसाहतींत हे अधिक ठळक दिसते. तेथे दोन फाटकांच्या मधला रस्ता रुंद, स्वच्छ आणि निर्मनुष्य असतो.

फाटकाशी एक वही ठेवलेली असते. जेवण पोहोचविणारा मुलगा, धुणेभांडी करणारी बाई, नळ दुरुस्त करणारा, सर्वांनी तीत लिहायचे. नाव, येण्याची वेळ, जाण्याची वेळ. शेवटचा रकाना असतो 'कोणाकडे'. तो भरल्याखेरीज रक्षक आत सोडत नाही. रहिवाशांना मात्र त्या वहीत काहीच लिहावे लागत नाही.